सहीपुरता पालक

शाळेच्या डायरीत लाल शाईने एक वाक्य येतं, ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे.’ खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. दुसऱ्या दिवशी मूल सही दाखवतं आणि विषय तिथेच मिटतो. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. लक्ष नेमकं कशाकडे द्यायचं? मूल जोडाक्षरं वाचताना अडखळतं का? हातच्याची वजाबाकी करताना दशकातून घेतलेला एक कमी करायला विसरतं का? की त्याला फळाच नीट दिसत नाही आणि डोळे तपासून घ्यायला हवेत? बाईंना यातलं बरंचसं ठाऊक असतं. रोज वर्गभर वह्या तपासणाऱ्या माणसाला कोण कुठे चुकतं ते कळतंच. पण घरी पोचतो तो फक्त ठपका, आणि घरी त्याची ओरडाआरड होते. एक ओळ जास्त लिहिली असती, तर त्याच संध्याकाळी आईने दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून मुलाला वजाबाकी समजावली असती.

पालकसभेचंही तसंच. ती कामाच्या दिवशी भर दुपारी असते, आणि निरोप येतो आदल्या रात्री. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. ती येते, मुलांच्या बाकावर अवघडून बसते, सहलीच्या सूचना ऐकते आणि हजेरीपटावर सही करून निघते. स्वतःच्या मुलाबद्दल बाईंशी बोलायची पाळी येईपर्यंत वेळ संपलेली असते. पाळी आलीच, तर बोलणं सगळ्यांच्या देखत होतं आणि मूल शेजारीच मान खाली घालून उभं असतं. हे मला फार लागतं. जी आई नीट वाचू शकत नाही, ती अशा सभेला पुन्हा येत नाही. मग शाळेत म्हणतात, या पालकांना काही पडलेलीच नाही.

याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी पाड्यावरच, लोकांच्या अंगणात वर्ग भरवले. मुलं गुरं चारायला रानात जातात म्हणून कुरणशाळा काढली. घराचं वेळापत्रक त्यांनी आधी समजून घेतलं. आज सभेची वेळ संध्याकाळी ठेवायला काय अडतं?

प्रकल्पांबद्दल तर घरोघरी चीड आहे. रात्री व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप येतो, ‘उद्या जलचक्राची प्रतिकृती आणावी.’ त्या वेळी दुकानं बंद. ज्या घरात फोन एकच आणि तोही वडिलांबरोबर रात्रपाळीला गेलेला, त्या मुलाला सकाळी वर्गात गेल्यावरच कळतं. प्रदर्शनात कौतुक होतं ते मोठ्यांनी रात्रभर चिकटवलेल्या पुठ्ठ्याचं. पावसाळ्यात छपरावरचं पाणी कुठे जातं, एवढंच मुलाने पाहून चार ओळी लिहिल्या असत्या, तर त्याला जास्त समजलं असतं.

पालकांचंही चुकतं. आम्ही शाळेला विचारतो ते गुण आणि वर्गात आलेला नंबर. पेपरातला अर्धा गुण का कापला यावर वाद घालतो. मूल वर्गात प्रश्न विचारतं का, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतं, हे विचारतच नाही. आजारपण, घरातलं भांडण, गाव बदलणं यातलं काही शाळेला सांगत नाही, आणि मूल गप्प का झालं याचा शोध बाईंनी एकटीने घ्यावा अशी अपेक्षा ठेवतो.

खरं तर कायद्याने वाट करून दिलेली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांबद्दल पालकांशी नियमित बोलणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरी अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत, असं कलम 27 सांगतं. तरीही बाईंचा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात आणि अहवालांत जातो. चार घरांशी निवांत बोलायचं, तर तो वेळ त्यांनी आणायचा कुठून? म्हणून समितीतल्या पालकांनी पुढच्या बैठकीत हा विषय लेखी मांडावा. शौचालयाची दुरुस्ती आणि पोषण आहार यांच्या जोडीने, बाईंना पालकांशी बोलायला आठवड्यात किती तास मिळतात आणि कोणत्या कामांमुळे ते जातात, हेही इतिवृत्तात आलं पाहिजे.