दुर्बीणवाल्या आजी

मॉस्कोत कुठल्याही नाट्यगृहात जा, या आजी तुमच्या आधी येऊन बसलेल्या असतात. वय सत्तरीपुढचं, केसांना जांभळट कलप, गळ्यात अंबरची माळ आणि हातात पिशवी. पिशवीत बूट. बाहेरच्या बर्फाच्या राड्यातले जाडजूड बूट उतरवून आजी नाजूक जोड चढवतात. आपण देवळात चप्पल काढतो, त्या बदलतात, भाव तोच.

मग ओव्हरकोट जमा करायचा. तो अंगावर ठेवून नाटकाला बसणं म्हणजे सोवळ्यात बोंबील. कोट टांगायला कॉलरला आतून एक बंद शिवलेला असतो, पेतेल्का म्हणतात त्याला. माझा तुटलेला. कोट घेणाऱ्या बाई तोंड उघडायच्या आत मागून आजींनी विचारलं, "आई नाही का रे तुला?"

दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींनी १९३३ साली आपल्या थिएटरात कोट सांभाळणाऱ्यांना पत्र लिहून कळवलं होतं, की प्रयोग तुमच्यापासूनच सुरू होतो. त्या पत्रान्वये आपलीही नेमणूक झाली आहे, असं आजी धरून चालतात.

घंटा तीन होतात, थेट आपल्यासारख्या. तिसरी ऐकून मला शिवाजी मंदिर आठवलं आणि त्या भरात मी रांगेत पाठ करून सरकलो. मॉस्कोत बसलेल्यांकडे तोंड करून सरकायचं असतं. "हे बघायला तिकीट काढलं नाही आम्ही," आजी म्हणाल्या. त्यांची खुर्ची नेमकी माझ्या शेजारी.

चेखवचं 'सीगल' १८९६ साली पीटर्सबर्गला पडलं आणि १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटरनं ते उभं केलं. याबद्दल पीटर्सबर्गकरांना माफ करायला आजी अजून तयार नाहीत. (पुणे-मुंबई माहीत असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.) आणि हॅम्लेट एकच: व्हिसोत्स्कीचा, तागांका थिएटरातला, १९७१चा. १९८० साली व्हिसोत्स्की गेला. पुढचे सगळे आजींच्या लेखी बदली कामगार.

"तू पाहिलास?"

"माझा जन्म नव्हता झाला, आजी."

"मग हॅम्लेटवर बोलू नकोस." मी बोललोच नव्हतो.

मध्यंतरात बटाटेवडा नसतो. लोणी आणि लाल काविआर लावलेला पाव असतो. आजी त्यासोबत घोटभर कोन्याक घेतात, घशासाठी, आणि नायिकेची खरडपट्टी काढतात. मात्र दुसऱ्या अंकात नायिका रडली तेव्हा मगाशी तिची खरडपट्टी काढणाऱ्या याच बाई रुमालात हुंदके देत होत्या. मी पाहिलं, तर म्हणाल्या, "समोर बघ."

शेवटी फुलं द्यायची. सम संख्या मयताला, विषम जिवंत माणसाला. माझ्या हातात सहा! आजींनी मोजली, एक उपसून पर्समध्ये टाकलं आणि मला मंचाकडे ढकललं.

एक कोडं मात्र संध्याकाळभर सुटत नव्हतं. तिसऱ्या रांगेत बसायचं, तर भाड्याची दुर्बीण कशाला? ती तर मांडीवरून हललीही नव्हती. उत्तर मिळालं कोटाच्या रांगेत. रांग पार जिन्यापर्यंत. पण दुर्बीण परत करणाऱ्याला कोट रांगेविना. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर असताना आजी कोट, टोपी, बूट चढवून समोरून गेल्या.

"तो बंद शिवून घे," म्हणाल्या.

पर्समधून माझं फूल डोकावत होतं. एकच. म्हणजे विषम.