बिनलग्नाचं रुखवत

आमच्या वाचनालयातली 'शांतता राखा' ही पाटी वर्षभर बिनकामाची असते. पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांपैकी निम्म्यांना डुलकी लागलेली असते आणि उरलेल्या निम्म्यांचं एकमेकांशी बोलणं बंद असतं. पाटीला काम लागतं ते दिवाळीनंतर, स्थानिक कलाकारांचं कला व हस्तकला प्रदर्शन भरतं तेव्हा. आणि तेव्हाच नेमकं तिच्यावर लोकरीचं तोरण लटकत असतं. खिळा तिथेच होता, त्याला कोण काय करणार!

प्रदर्शनाची कल्पना कार्यकारिणीत "नवे सभासद मिळतील" या वाक्याने उभी राहते आणि "निदान अहवालात फोटो तरी येतील" या वाक्यावर मंजूर होते. त्यात वावगं काही नाही. १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान वर्ग बघून मिळतं. 'ब' वर्गाला 'अ'ची स्वप्नं पडणारच.

मग मासिकांच्या टेबलांवर पांढऱ्या चादरी पडतात. "अहो बाई, मी अग्रलेख कुठे वाचू?" एक आजोबा कळवळून विचारतात. "काका, आजच्या दिवस क्रोशाच्या पलीकडे बसा," ग्रंथपालबाई सांगतात. काका बसले. थोड्या वेळाने एका छोट्या मुलीने त्यांना बोट लावून पाहिलं. 'कृपया हात लावू नये' अशी चिठ्ठी पुढ्यात होती, पण ती क्रोशाची होती.

सुपारीचे भटजी-भटणी, पिस्त्याच्या टरफलांची कमळं, मण्यांचा गणपती, आइस्क्रीमच्या काड्यांचा शनिवारवाडा. हे सगळं कुठेतरी पाहिलंय, असं वाटत राहतं आणि मग डोक्यात प्रकाश पडतो. हे तर रुखवत! कार्यालयवाले लग्न पॅकेजमध्ये करायला लागले आणि रुखवताच्या टेबलाच्या जागी सेल्फी पॉइंट आला. करणाऱ्या हातांना मात्र कुणी सांगितलं नाही की आता थांबा. त्यांना मांडायला टेबल हवं होतं, आणि गावात फुकट मिळणारी टेबलं आता वाचनालयातच उरली आहेत. नवरा-नवरी तेवढे नसतात. बघायला येणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावरचा वरपक्ष अगदी शाबूत असतो. "छान आहे हो," म्हणत त्या रुमाल उलटा करतात आणि मागचे टाके बघतात.

शेजारच्या टेबलावर वारली. मग, कीचेन, मोबाइलची कव्हरं, सगळ्यांवर तारपा नाच. ही कलासुद्धा मुळात लग्नाचीच. सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात, त्यात पालघाट देवी असते. ती चित्रं कागदावर आणून जगापुढे नेली जिव्या सोमा मशे यांनी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे चहाच्या मगावर ती आणणाऱ्या ताई सोलापूरच्या. तारपा वाजवणाऱ्याच्या जागी नेमका मगाचा कान आल्यामुळे वाजवणारा गायब आणि नाचणारे मात्र गोल फिरताहेत, असा एक मग होता. मी तोच घेतला. बाकीचे फारच बिनचूक होते.

बालविभागात रांगोळी. एका तरुणाने जमिनीवर लताबाई हुबेहूब उतरवल्या होत्या. त्यासाठी पंखे बंद, खिडक्या बंद, आणि शिंक आलीच तर दाराबाहेर पळायचं. घामाने निथळणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता, "अगदी फोटोच वाटतो हो!" आणि लगेच त्या फोटोसारख्या रांगोळीचा फोटो काढत होता. रात्रभर ओणवं राहिलेला तो मुलगा कमरेला हात लावून हसत होता. त्याला ही दाद होती.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला 'वाचकाचा वेळ वाचवा' हा चौथा पहिल्याच टेबलाशी मोडतो, कारण क्विलिंगवाल्या काकू कागदाची पट्टी कशी कापायची इथपासून सुरुवात करतात. ड्युईच्या वर्गीकरणात हस्तकलेची पुस्तकं ७४५ला. आमच्याकडे ती सगळ्यात खालच्या खणात आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही. प्रदर्शनामुळे त्यातलं एक बाहेर निघालं. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ते बरोब्बर बसलं. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा पहिला सिद्धांत तेवढा पाळला गेला.

अभिप्रायाच्या वहीत पहिल्याने 'स्तुत्य उपक्रम' लिहिलं आणि खालच्यांनी ते इमानाने उतरवून काढलं. मधेच एकाचं 'पाण्याची सोय हवी होती' आणि एकाचं 'शनिवारवाड्याला दिल्ली दरवाजा नाही.' सगळ्या वहीत प्रदर्शन खरोखर पाहिलेला माणूस हा एकटाच.

पाचवा सिद्धांत सांगतो की ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. प्रदर्शन आटोपल्यावर गणपती घरी गेला, शनिवारवाडा रिक्षात मावेना. तो विश्वकोशाच्या कपाटावर चढला. तपासणीला कुणी आलं तर काय सांगायचं, म्हणून बाईंनी त्याला दाखल क्रमांक देऊन बुरुजावर वाचनालयाचा शिक्का मारला. पुढे एका सभासद वहिनींनी विचारलं, "पुतणीच्या रुखवतात मांडायला काही मिळेल का हो?" बाईंनी नियम पाहिले. दाखल क्रमांक आहे, म्हणजे देता येतं. नेहमीच्या मुदतीवर वाडा वहिनींच्या नावावर चढला.

लग्न थाटात झालं. वाडा परत आलेला नाही. मुलीकडून आलेली वस्तू समजून वरपक्षाने तो साताऱ्याला नेला. इतिहासात सत्ता साताऱ्याहून शनिवारवाड्यात आली होती. या वेळी वाडाच साताऱ्याला पोचला. आता विलंब शुल्क मुलीकडच्यांनी भरायचं की मुलाकडच्यांनी, हा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.