डेम्लो आणि डोंबिवली

१२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या मला तोंडपाठ आहे. त्यात कर्तृत्व काही नाही. नऊपर्यंत चढायचं आणि आल्या वाटेनं उतरायचं. पण सतरा आकडे न अडखळता म्हणणाऱ्याकडे लोक आदरानं बघतात, आणि या वयात आदर मिळेल तिथून घ्यावा.

नऊ एके ओळीनं मांडले, १११११११११, की त्यांचा वर्ग म्हणजे ही संख्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी तिच्या गोतावळ्याला ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, कारण त्या त्यांना जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर सुचल्या. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली! डोंबिवली स्थानकावर माणसाला काही सुचू शकतं, हे आमच्या सोसायटीत कुणालाच पटत नाही. मला तिथं आजवर फक्त पुढची गाडी सोडून द्यावी एवढंच सुचलं आहे.

गणितवाले संख्येला नुसती राहू देत नाहीत, बिरुदं चिकटवतात. ही पूर्ण वर्ग आहे, उलटी वाचली तरी तीच आहे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं तिला नि:शेष भाग जातो, म्हणून ती ‘हर्षद’. हे बारसंही कापरेकरांचंच. इथवर सगळा थाट. मग कुणीतरी विभाजक मोजायला बसतो. ते निघतात ४५. संख्या स्वतः वगळून उरलेल्या ४४ जणांची बेरीज केली, तर ती संख्येच्या निम्म्याच्या जेमतेम वर जाते. झालं, शेरा पडला: ‘न्यून’. आणि १२? १, २, ३, ४, ६ मिळून होतात १६, म्हणून डझनभर केळी ‘विपुल’! या न्यायाला मी कधीच माफ करणार नाही.

तिचा डौल टिकतो तो एका गोष्टीमुळे: हातचा येत नाही. गुणाकार मांडून पाहा. एकेक घर सरकणाऱ्या एकांच्या नऊ ओळी, आणि मधल्या, सर्वांत उंच रकान्याची बेरीज ९. मी हावरटपणानं दहावा एक जोडला. रकाना दहावर गेला, हातचा आला आणि उत्तर निघालं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधे दोन शून्यं ऐसपैस बसलेली, आणि चढत्या बाजूचा ८ गाडीत चढलाच नाही. डोंबिवलीत याचं नवल कुणाला वाटणार?