रा. रा. पहिला अर्थ यांस खुले पत्र

मुक्काम : इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोश, कुठलीही नोंद, पहिली ओळ

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

('सप्रेम' रीत म्हणून लिहिलंय, मनावर घेऊ नये.)

पत्रास कारण की, तुमचा सत्कार करायचा राहून गेला आहे. इंग्रजी शब्द अडला, कोश उघडला, की सगळ्यांच्या आधी तुम्ही हजर. तुमच्या मागे दुसरा, पाचवा, बारावा अर्थ ताटकळत उभे असतात, पण त्यांच्यापर्यंत जातो कोण? परीक्षेच्या आदल्या रात्रीचा विद्यार्थी, शब्दामागे पैसे मिळणारा अनुवादक, 'स्पॅनिशमध्येही टाका' असा हुकूम आलेला सरकारी बाबू, सगळ्यांचं तुमच्यावरच भागतं. इतक्या लोकांना विचार करण्याच्या कष्टातून सोडवलंत, शाल आणि श्रीफळ तर द्यायलाच हवं.

सुरुवात तुमच्या पराक्रमांपासून करू. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी 'रन' या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले. तुम्ही म्हणता 'कोरेर', धावणे, संपला विषय. माणूस किंवा घोडा असेल तर ठीकच आहे. पण स्पॅनिशमध्ये यंत्र धावत नाही, ते 'फुन्सिओना', म्हणजे चालतं. कारखाना चालवणाऱ्याला वेगळं क्रियापद, नाक वाहायला आणखी वेगळं. निवडणुकीत तर गंमतच आहे. अमेरिकेतला उमेदवार इंग्रजीत धावतो, आपल्याकडचा उभा राहतो आणि स्पॅनिशमधला स्वतःला सादर करतो, 'से प्रेसेन्ता'. तुमच्या भरवशावर 'रन फॉर ऑफिस' सोपवलं की एक सद्गृहस्थ कचेरीभर पळत सुटलेले दिसतात.

'हॉट'चंही तसंच. तुमचं उत्तर 'कालिएन्ते'. चहाला चालेल. मिरचीला चालणार नाही, ती 'पिकान्ते'. आणि उकाड्याने हैराण झालेल्या माणसाने 'एस्तोय कालिएन्ते' म्हटलं, तर ऐकणारा पंखा लावायला उठत नाही. तो गालातल्या गालात हसतो किंवा दोन पावलं मागे सरकतो, कारण या वाक्याचा उकाड्याशी काही संबंध नाही, अंगातल्या वेगळ्याच उष्णतेशी आहे. म्हणायचं असतं 'तेन्गो कालोर', मला उकडतंय. 'फ्री' म्हटलं की तुम्ही 'ग्रातिस'. मग 'शुगर फ्री' बिस्किटांच्या पुड्यावर मधुमेह्याला आश्वासन मिळतं की साखर फुकट आहे. स्पॅनिशमध्ये फुकटाला 'ग्रातिस', स्वतंत्राला 'लिब्रे' आणि साखर नसलेल्याला सरळ 'सिन', म्हणजे विना. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतल्या इंग्रजी भाषकांना 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे हे समजावता समजावता नाकी नऊ आले आणि शेवटी त्यांनी 'लिब्रे' हाच शब्द उसना घेतला. तुम्हाला कंटाळून माणसं परक्या भाषेच्या दारात जातात, हे तुमच्या मानपत्रात लिहायला हवं.

आता जरा जवळचं दाखवतो. आमच्या अनुवादाच्या धंद्यात काम येतं ते एक्सेलच्या तक्त्यात. डावीकडच्या रकान्यात इंग्रजी, उजवीकडचा रिकामा. एका घरात एकच शब्द : 'ऑर्डर'. वर-खाली काही नाही, चित्र नाही, कुठल्या पडद्यावर हे दिसणार याचा पत्ता नाही. स्पॅनिशमध्ये 'एल ओर्देन' असं पुल्लिंगी म्हटलं तर क्रम किंवा सुव्यवस्था. 'ला ओर्देन' असं स्त्रीलिंगी म्हटलं तर हुकूम, शिवाय जोगिणींचा किंवा सरदारांचा संघ. गिऱ्हाईक दुकानातून मागवतं तो 'पेदीदो'. हा शब्द बटणावर असेल आणि 'मागवा' असं सांगायचं असेल, तर क्रियापदच हवं. यादी अक्षरांप्रमाणे लावायची असेल तर आणखी वेगळं. आम्ही विचारतो, 'संदर्भ?' उत्तर येतं, 'संदर्भ उपलब्ध नाही, उद्या सकाळपर्यंत हवं.' अशा वेळी तुम्ही उजवीकडच्या रकान्यात कसे अलगद येऊन बसता हो! पुढे कुणीतरी मोबाइलवर चपला मागवतो आणि पडद्यावर दिसतं : 'तुमचा हुकूम वाटेत आहे.'

मराठी माणसाने तुमच्या नादी लागावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्याला घरचीच सोय आहे. इंग्रजीचा 'टाइम' घ्या. तुम्ही छाती पुढे काढून 'तिएम्पो' म्हणता. पण मराठीत 'माझा वेळ गेला' यातला वेळ वेगळा आणि 'गाडीची वेळ झाली' यातली वेळ वेगळी. लिंग बदललं की अर्थ बदलतो, आणि हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय 'तीन वेळा' ही तिसरीच गोष्ट. स्पॅनिशने या तिघांना तीन शब्द दिलेत : तिएम्पो, ओरा, वेस. ज्याचा वेळ आणि वेळ यांत घोळ होत नाही, त्याचा तिएम्पो आणि ओरा यांत का व्हावा? पण नाही. तो आधी मनात इंग्रजी 'टाइम' आणतो, मग तुमच्याकडे येतो, आणि किती वाजले हे विचारायला गेलेला हवामानाचा अंदाज ऐकून परततो, कारण 'तिएम्पो' म्हणजे हवामानसुद्धा.

'नो'चंही तेच, म्हणजे ठाऊक असण्याचं. मला पत्ता माहीत आहे आणि मी त्या बाईंना ओळखतो, या दोन वाक्यांत मराठी माणूस कधी चुकत नाही. स्पॅनिशमध्ये साबेर आणि कोनोसेर, जवळपास तीच वाटणी. 'फिश' म्हटलं तर पाण्यात असतो तो 'पेस', पकडून ताटाच्या वाटेला लागला की 'पेस्कादो'. कोळीवाड्यात टोपलीतल्या मालाला म्हावरं म्हणतात, तिथल्या माणसाला हे समजायला व्याकरणाचं पुस्तक लागणार नाही. 'आय लाइक' तर सोडूनच द्या. 'मे गुस्ता' आणि 'मला आवडतं' यांची ठेवण एकच, मधल्या इंग्रजीने उगाच कर्ता बदलून ठेवलाय. पुण्यामुंबईत स्पॅनिश शिकणारी मुलं मात्र मुंबईहून ठाण्याला लंडनमार्गे जातात, आणि त्या वाटेवर टोलनाक्यावर बसलेले तुम्ही.

इथवरचं हसण्यावारी नेता येईल. पुढचं जरा बसून वाचा.

जानेवारी 2021. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर कोविडच्या लशीबद्दलची प्रश्नोत्तरं होती. इंग्रजीत होतं की लस 'रिक्वायर्ड' असणार नाही, म्हणजे सक्तीची असणार नाही. यंत्राने केलेल्या स्पॅनिशमध्ये 'रिक्वायर्ड'चं झालं 'नेसेसारिया' : लस गरजेची नाही. हवा होता तो शब्द 'ओब्लिगातोरिया', आणि तो कोशात तुमच्यापासून चार बोटांवर असतो. इंग्रजी वाचणाऱ्याला सरकार सांगतंय, जबरदस्ती नाही. स्पॅनिश वाचणाऱ्याला तेच सरकार सांगतंय, घेतली नाही तरी चालेल. मरणाची साथ चालू होती आणि आरोग्य खात्याचा सल्ला तुम्ही दिलात. एका शब्दाने खातं आपल्याच मोहिमेच्या विरोधात प्रचार करायला लागलं, इतकी कार्यक्षमता विरोधकांनाही जमली नसती.

तुमचं घराणंही मोठं आहे. तुम्ही लिहिणाऱ्याच्या बोटांत राहता, तुमचे चुलतभाऊ वाचणाऱ्याच्या डोक्यात. अमेरिकेतल्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी घ्या. 'एक गोळी घ्या' इथपर्यंत यंत्राने स्पॅनिश केलं, पुढचा 'वन्स' तसाच इंग्रजीत राहिला. दिवसातून एकदा, असं सांगायचं होतं. पण तीच चार रोमन अक्षरं स्पॅनिश वाचणारा 'ओन्से' अशी वाचतो, आणि ओन्से म्हणजे अकरा. रक्तदाबाची गोळी रोज एकदा आणि रोज अकरा, यातला फरक सांगायला वैद्य लागत नाही. 2010 साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या औषधदुकानांचा अभ्यास छापून आला. संगणकाने तयार केलेल्या ज्या स्पॅनिश चिठ्ठ्या तपासल्या, त्यांतल्या निम्म्यांत चुका निघाल्या.

चुलतभावांचा दुसरा उद्योग त्यामानाने सौम्य. ओबामांच्या आरोग्यविमा योजनेचं स्पॅनिश संकेतस्थळ 2013च्या डिसेंबरात सुरू झालं. त्याच्या नावातच 'क्विदादो' होतं. क्विदादो म्हणजे काळजी, आणि कुत्र्याच्या पाटीवर असतं ते 'सावधान'ही. विम्याच्या हप्त्याला त्यांनी 'प्रीमा' लिहिलं. गंमत अशी की तो शब्द अगदी बरोबर आहे, विम्याच्या व्यवहारात तोच चालतो. पण ज्याने जन्मात विमा काढलेला नाही त्याच्या डोक्यात 'प्रीमा' म्हणजे आधी चुलत किंवा मामेबहीण. दर महिन्याला बहीण भरायची म्हणजे काय, असं त्याने विचारलं तर चूक त्याची म्हणता येत नाही. अनुवादकाने तुम्हाला टाळलं तरी तुम्ही दुसऱ्या टोकाला गाठताच.

आणि उलट्या दिशेनेही. 1980 साली फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात 18 वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत आणला गेला. क्यूबातून आलेल्या घरच्यांनी सांगितलं, तो 'इन्तोक्सिकादो' आहे. क्यूबन स्पॅनिशमध्ये याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी ऐकलं इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड', नशेत, आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे उपचार सुरू केले. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळेपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ गेला होता. त्याचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले. तडजोडीत ठरलेली भरपाई आयुष्यभराच्या हिशेबाने सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलर होती. तिथे दुभाषा बोलावला नव्हता. दोन्हीकडच्यांना शब्द ओळखीचा वाटला, म्हणून कुणाला गरजच वाटली नाही.

तुमचा बचाव मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, मी पहिला आहे तो जास्त वापरात आहे म्हणून. मीच बरोबर असं मी कधी म्हणालो? मान्य. चांगल्या कोशात तुमच्या मागच्यांच्या गळ्यात बारीक तिरप्या अक्षरांच्या पाट्याही असतात : व्यापार, खेळ, कायदा, मेक्सिको, स्पेन. त्या पाट्या कुणी वाचत नाही हा तुमचा दोष नव्हे. पण तुम्ही त्याचा फायदा घेता, हे तरी कबूल करा. त्यातली देशाची पाटी तर जीव की प्राण. क्यूबात आणि कॅनरी बेटांवर बसला 'ग्वाग्वा' म्हणतात. चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं मूल. तिथल्या कचेरीत 'ग्वाग्वा उशिरा आली, म्हणून मला उशीर झाला' असं सांगितलंत तर लोक अभिनंदन करतील. स्पेनमध्ये बस 'पकडायला' वापरतात ते क्रियापद मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात चारचौघांत उच्चारत नाहीत. मी इथेही उच्चारत नाही.

तुम्हाला पकडायची एक जुनी युक्ती आहे, तीही उघड सांगतो म्हणजे मागाहून तक्रार नको. मिळालेला स्पॅनिश शब्द कोशाच्या दुसऱ्या बाजूला, स्पॅनिशकडून इंग्रजीकडे, पुन्हा शोधायचा. 'ग्रातिस' उलटून पाहिलं की 'पैसे न घेता' एवढंच निघतं, साखरेचा विषयच येत नाही. 'नेसेसारिया' उलटून पाहिलं असतं तर व्हर्जिनियात अर्ध्या मिनिटात तुमचं बिंग फुटलं असतं. शंका उरलीच तर स्पॅनिशचा स्पॅनिश कोश बघावा. 1713 साली स्थापन झालेली स्पेनची अकादमी अजून तो काढते आहे. हल्लीची भाषांतरयंत्रं, खरं सांगायचं तर, अख्खं वाक्य दिलं की तुम्हाला पूर्वीइतकी भुलत नाहीत. पण एकटा शब्द दिला की त्यांचाही तुमच्यावरच भरवसा, आणि एक्सेलचा तक्ता एकटाच शब्द देतो.

तेव्हा विनंती एवढीच की, सत्काराच्या दिवशी येताना मागच्या रांगेतल्या मंडळींनाही घेऊन या. शाली जास्त आणल्या आहेत.

कळावे. लोभ आहेच, तो कमी व्हावा.

आपला,
उजवीकडच्या रकान्यातला एक अनुवादक

ता. क. एका खटल्यातून तुम्हाला निर्दोष सोडायला हवं. शेवरोलेची 'नोव्हा' गाडी स्पॅनिश देशांत खपली नाही, कारण 'नो वा' म्हणजे 'चालत नाही', ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगतात. सपशेल थाप आहे. गाडी मेक्सिकोत आणि व्हेनेझुएलात विकली गेली, आणि मेक्सिकोच्या सरकारी तेलकंपनीने 'नोव्हा' नावाचं पेट्रोलसुद्धा विकलं. आघात वेगळा असल्यामुळे स्पॅनिश कानाला ते दोन शब्द ऐकूच येत नाहीत. तिथे तुम्ही नव्हतात.

आणखी एक. हे पत्र स्पॅनिशमध्ये पाठवायचं झालं तर 'लेटर'चं तुम्ही 'लेत्रा' करून मोकळे व्हाल. लेत्रा म्हणजे अक्षर. पत्राला 'कार्ता' म्हणतात, आणि कार्ता म्हणजे खाणावळीतलं मेन्यूकार्डही. तेव्हा पाकिटावर तो शब्द पाहून जेवायचं बोलावणं आलंय असं समजू नका.