सर्पालयाचं काम चालू आहे

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, कृषी विद्यापीठ आहे, गोदावरी आहे, येलदरीचं धरण आहे. प्राणिसंग्रहालय तेवढं नाही. त्याचं कुणाला फार वाईट वाटत असेल असं दिसत नाही, कारण प्राणी आपले आपण येतात. वानरं गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांपर्यंत येतात, रोही तुरीत येतात, रानडुकरं हरभऱ्यात येतात. या सगळ्यांचं तिकीट शेतकरी भरतो. मोर तर पहाटे असे ओरडतात की सुट्टीला आलेले पुण्याचे पाहुणे दचकून उठून बसतात.

तरीही शाळेला सुट्ट्या लागल्या की ‘झू बघायला’ जायचं निघतंच. आमच्या पाचवीतल्या पुतण्याने यंदा फक्त साप मागितले. वाघ त्याने मोबाइलवर इतके पाहिलेत की वाघाचं त्याला काही उरलेलं नाही. साप मात्र समोर बसून बघायचा आहे. घरात बैठक बसली. आमच्याकडे लग्न आणि सहल यांची बैठक सारखीच होते: मुद्द्याचा माणूस कोपऱ्यात आणि बोलणारे सगळे मधोमध.

जवळचं म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, गाडी थेट, आणि हक्काचं, म्हणजे मराठवाड्याचं. वहिनींचं मत मुंबईला पडलं, कारण राणीच्या बागेत पेंग्विन आहेत. 2016 साली ते दक्षिण कोरियातून आले आणि तेव्हापासून गार काचघरात राहतात. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत घामाघूम होणाऱ्या परभणीकराला पेंग्विनपेक्षा त्या काचघराचीच ओढ जास्त, हे वहिनींनी मोकळेपणाने मान्य केलं. पण मुंबईचे वाघ कुठले? 2020 मध्ये तिथे नेलेली शक्ती-करिश्मा ही जोडी सिद्धार्थ उद्यानातली. म्हणजे मूळचे मराठवाड्याचे वाघ बघायला मराठवाड्यातून मुंबईला जायचं आणि तिथल्या गर्दीत शेजारच्याला ‘आमच्याकडचे आहेत हो’ म्हणून सांगायचं. नोकरीला गेलेल्या पोरांच्या बाबतीत आपण हेच करतो म्हणा.

राहिलं पुणं. सापांच्या बाबतीत कात्रजचं घराणं जुनं. आजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय व्हायच्या आधी 1986 मध्ये तिथे सर्पोद्यानच सुरू झालं. पेशवे पार्कातले प्राणी नंतर आले. सर्पोद्यान उभं करणारे नीलिमकुमार खैरे 1980 साली काचेच्या खोलीत 72 विषारी सापांसोबत 72 तास राहिले होते. मी हे सांगितल्यावर पुतण्याचे डोळे मोठे झाले. आजीने आकडे तेवढे ऐकले.

“बहात्तर साली व्हय?” ती म्हणाली. “तवा दुष्काळ व्हता. साप बी दिसत नव्हते.”

तिला समजवायचा प्रयत्न कुणी केला नाही. तिच्या हिशेबात बहात्तर एकच आहे. त्याच साली परभणीला कृषी विद्यापीठ झालं आणि दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, हे मी तिला सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग पाऊस कामून नाही झाला.

पुणं आणि मुंबई, दोन्हीकडे बुधवारी बंद. हे एकदा कळलं की सहलीचं अर्धं नियोजन होतं, कारण आमच्या घरात प्रत्येकाला सोयीचा वार बुधवारच असतो. एवढं सगळं जुळवून एक ठिकाण नक्की झालं. ते कुठलं, हे सांगत नाही. बांधकाम चालू असणं हा काही गुन्हा नव्हे. निघण्याआधी मी तिथल्या एका ओळखीच्याला फोन केला. तो म्हणाला, या की, सगळं छान आहे, फक्त सर्पालयाचं काम चालू आहे.

“कधी होईल?”

“चालू आहे.”

सरकारी कामात ‘चालू आहे’ हे उत्तरही असतं आणि तारीखही. स्थानिक बातमीदारांनी ‘सर्पालय कात टाकणार’ असा मथळा दिला असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

“मंग जायचंच कामून?” पुतण्या म्हणाला. आणि थोरले बंधू, जे शेती बघतात, त्यांना हवं ते वाक्य मिळालं: “साप बघायला पैसे घालून गाव गाठायची गरजच काय? जूनमध्ये ये माझ्यासंगं शेतात.”

बोलायला हे ठीक आहे. पण मी विचार करू लागलो, शेतात आम्ही साप खरंच किती बघितलाय? साप म्हणजे आमच्या माहितीत शेपूट. धुऱ्याच्या गवतात शिरणारं शेवटचं वीतभर शेपूट. त्याआधी कुणीतरी ‘साऽऽप!’ म्हणून ओरडलेलं असतं आणि त्या क्षणी दोनच शक्यता असतात: तो पळतोय किंवा आपण. दोघेही एका जागी थांबलेत असं सहसा होत नाही. झालंच तर हातात काठी असते. हल्ली काठीऐवजी सर्पमित्राला फोन लावतात, ही खरीच चांगली गोष्ट झाली. तो येतो, सराईतपणे साप बरणीत घालतो, आणि मग सगळं गाव बरणीभोवती मोबाइल धरून उभं राहतं. नंतर सांगताना मात्र प्रत्येक साप नाग नाही तर घोणस असतो. बिचारी धामण उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलं करते आणि मरते नागाच्या नावाने.

सापांमध्ये राहणाऱ्या माणसाने साप निवांत बघितलेला नसतो. ते भाग्य शहरातल्या काचेसमोरच्या माणसाचं. आणि गरज पाहिली तर उलटी आहे. रात्री थ्री फेज लाईट येते म्हणून अंधारात गव्हाला पाणी द्यायला जावं लागतं, सोयाबीन कापताना हात बुडाशी घालावा लागतो, ते आमच्याकडच्यांना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर प्रतिविष आहे, पण पाय पडायच्या आधी ओळख पटली तर प्रतिविषच लागत नाही. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, आणि तिला अजगराचं पिल्लू समजून उचलायला गेलेले महाभाग ऐकिवात आहेत. अंगावर आली की ती कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. मण्यारीचे पांढरे पट्टे जोडीजोडीने असतात आणि मानेकडे पुसट होत जातात. निरुपद्रवी कवड्याचे मानेपासूनच ठळक सुरू होतात. पुस्तकात वाचून हे रात्री बॅटरीच्या उजेडात आठवत नाही. काचेला नाक लावून, मागचा माणूस ढकलेपर्यंत पाहिलं तरच डोळ्यात राहतं. म्हणून ते सर्पालय बंद असल्याचं मला पुतण्याइतकंच लागलं, फक्त मी वयामुळे तसं बोललो नाही.

मग सापाच्या बाजूनेही विचार करून पाहिला. त्याला बाहेरून कान दिसत नाहीत, पण जमिनीतली थरथर त्याला बरोबर कळते. शेजारी फरशी कापायचं मशीन चालू असताना त्याला तिथे ठेवणं म्हणजे छळच. त्याला ऊब लागते, सावली लागते, आणि सगळ्यात जास्त लागते लपायला जागा. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ निळे होतात, नीट दिसत नाही, तो खात नाही, कुठेतरी दडून बसतो. तेव्हा तो स्वतःच बंद असतो आणि तशी पाटीही लावत नाही. जुन्या पिंजऱ्यांत बोडक्या फरशीवर तो सगळ्यांना दिसायचा; लोक काचेवर टकटक करून ‘खरा आहे का रबराचा?’ विचारायचे. आता कुठलंही सर्पालय नव्याने नीट बांधायचं तर त्यात दगड, झुडपं, ओंडके आणि बिळं द्यावी लागणार. म्हणजे काम जितकं चांगलं होईल तितका साप कमी दिसेल. इतके पैसे खर्चून, इतके महिने दार बंद ठेवून, शेवटी आपण काचेआडच्या एका ओंडक्याकडे टक लावून उभे राहणार आणि कोपऱ्यात दिसणार आहे ते पुन्हा शेपूटच.

हे मी पुतण्याला सांगितलं नाही. पोराची उमेद आहे.

तोडगा त्यानेच काढला. परिसर अभ्यासाचं पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, मगर, कासव, घोरपड हेही सरपटणारेच, मग ते चालू आहेत का विचारा. पुन्हा फोन केला. मगर चालू होती. कासवही चालू होतं, त्याच्या परीने.

“कासव बघायला एवढं लांब?” आजी म्हणाली. “देवळात शिरताना आहे की. रोज पाया पडतो.”

“आजी, ते दगडाचं आहे.”

“तिथलं बी हलत नसंलच.”

यावर पुस्तकात उत्तर नव्हतं. बंधू हसले, वहिनींनी पेंग्विनचा विषय परत काढून पाहिला, आणि मी तेवढ्यात बुधवार टाळून तिकिटं काढून टाकली. वेटिंग लागलंय. पुतण्या रोज दोन चौकशा करायला लावतो, एक तिकिटाची आणि एक सर्पालयाची. तिकीट काल थोडं पुढे सरकलं.