खटक्यावर बोट, चढावर पलटी

ई-माउंटन बाइक घेतलेल्या माणसाला पुण्यात दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "कितीला पडली?" आणि दुसरा, "मोटर आहे म्हणजे व्यायाम कसला होणार?" पहिल्याचं खरं उत्तर मी अजून बायकोलाही दिलेलं नाही. दुसऱ्याचं मात्र तयार आहे: व्यायाम होतो, पण तो चेनचा.

यात अतिशयोक्ती नाही. मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर असलेली जी साधी ई-सायकल असते, तिची मोटर थेट चाकच फिरवते. चेनला त्या भानगडीत ओढत नाही. डोंगरात चालवायच्या बाइकची मोटर बहुधा पेडलांच्या मधोमध बसवलेली असते आणि तिचा सगळा जोर चेनमधूनच मागे जातो. बॉशची सीएक्स घ्या नाहीतर शिमानोची ईपी-८, दोन्हींचा मूळ जोर ८५ न्यूटन-मीटर. पुढचं चेनव्हील ३४ दात्यांचं धरून गणित मांडलं, तर ऐन चढावर एकट्या मोटरची ओढ सव्वाशे किलोच्या घरात जाते. आपल्या पायांचा जोर त्यात वेगळा मिळवायचा. आणि हे सगळं सोसायचं कुणी, तर जेमतेम पाच-सव्वापाच मिलिमीटर रुंदीच्या बारा गिअरच्या चेननं. हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरला १८८० मध्ये रोलर चेनचं पेटंट घेतलं, तेव्हा ती कारखान्यातली यंत्रं फिरवायला होती. आम्ही तिला टेकड्या चढायला लावलं.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांकडे हबमोटरवाली आहे. "आमची चेन अजून कंपनीचीच आहे हो," हे ते मला दर रविवारी सांगतात. ती गंजून तांबडी झालीय आणि अर्ध्या सोसायटीला ऐकू जाईल इतकी किरकिरते, हे सांगत नाहीत.

तर झालं असं. पावसाळ्याआधी बाइक एका चकचकीत दुकानात सर्व्हिसिंगला दिली. चेन झिजली म्हणून त्यांनी नवी टाकली, बाइक पुसूनबिसून परत दिली. 'जुने पार्ट परत द्या' हे मी आत शिरतानाच बजावून ठेवलं होतं. आमच्या घराण्याचा हा रिवाजच आहे. वडिलांनी स्कूटरचे जुने स्पार्क प्लग बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवले होते. कशासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. दुकानातल्या पोरानं हसू दाबत जुनी चेन पिशवीत घालून दिली.

दुसऱ्या दिवशी एआरएआयच्या रस्त्यानं वेताळ टेकडीकडे निघालो. सपाटीवर गाडीची काही तक्रार नव्हती. चढ लागला, मोटर टर्बोवर टाकली, पेडलवर वजन दिलं आणि — कट्ट! पाय एकदम रिकाम्यात गेला, गुडघा हँडलला लागला, आणि तोंडून जो शब्द बाहेर पडला तो ऐकून टेकडीवरून उतरणाऱ्या हास्यक्लबाचं हसणं थांबलं. पुन्हा जोर दिला, पुन्हा कट्ट. खालचा गिअर टाकला की आवाज बंद. चवथ्या-पाचव्या छोट्या चकतीवर आलो की मात्र ठरलेला प्रसाद.

आजारी माणसाला औषध सुचवणारे आणि सायकलला रोग सुचवणारे यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. साडू सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं फोनवरच निदान केलं, "फर्मवेअर अपडेट करा." मग संध्याकाळी स्वतः येऊन, चहा पिऊन, माझ्याच मोबाइलवरून मोटर अपडेट केली. ॲपवर हिरवी खूण आली. बॅटरी किती टक्के उरलीय, मी पायानं किती वॅट देतो (हा आकडा त्यानं उगाच मोठ्यानं वाचला), मोटर किती देते, सगळं त्या ॲपला ठाऊक होतं. चेनबद्दल अवाक्षर नाही. लाखांतली गाडी, पण जो भाग सगळ्यांत आधी मरतो त्याची नाडी बघायची सोय कुणी केलेली नाही.

पेठेतला आमचा जुना सायकलवाला भेटल्यावर त्यानं चेन दोन बोटांत धरून हलवली. "सैल पडलीय साहेब. एक कडी काढू, पन्नास रुपये द्या." शाळेतल्या माझ्या सायकलीच्या वेळीही त्याचं हेच निदान होतं आणि तेव्हा ते बरोबर असायचं. पण इथे सैलपणा ओढून घ्यायला मागच्या डिरेल्युरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेला, स्प्रिंग असते. कडी काढली तर चेन तोकडी पडेल आणि मोठ्या चकतीवर गेल्याबरोबर डिरेल्युर उपटून हातात येईल. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग दोन काढू?"

चकचकीत दुकानातल्या पोरानं काळे रबरी हातमोजे चढवले, गाडी स्टँडवर टांगली, पेडल हातानं फिरवून बघितलं आणि म्हणाला, "काका, स्टँडवर तर काहीच होत नाहीये." कसं होणार? स्टँडवर ना चढ, ना मी. मग त्यानं अंदाजपत्रक दिलं: कॅसेट (म्हणजे मागच्या चकत्यांचा अख्खा संच), चेनव्हील, डिरेल्युर, केबल आणि काल-परवा घातलेली ती चेनसुद्धा. त्या रकमेत माझ्या लहानपणी दोन स्कूटर आल्या असत्या, अर्थात नंबर लागला असता तर.

शेवटी हे प्रकरण मी घरी, जेवणाच्या टेबलावर घेतलं. बायको म्हणाली, "अहो, निदान पेपर तरी घाला खाली." घातला.

ही तपासणी अवघड नाही, फक्त क्रमानं करावी लागते. घसरण जोर न देताही, कुठल्याही गिअरला होत असेल तर केबल बघावी, किंवा डिरेल्युर ज्याला टांगलेलं असतं तो हँगर. तो मऊ ॲल्युमिनियमचा करतात, गाडी पडली तर डिरेल्युरऐवजी तो वाकावा म्हणून. चेनची पूर्ण फेरी झाली की एकदाच झटका बसत असेल तर कुठली तरी कडी आखडलेली असते. आणि फक्त जोर दिल्यावर, नेमक्या त्याच दोन-तीन चकत्यांवर चेन उडत असेल, तर ती झीज. मग चेन मोजायची. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, जगात कुठेही जा. म्हणून एका पिनच्या मध्यावर टेप लावली की तिथून चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. सोळांश इंच पुढे गेली तर अर्धा टक्का झीज. बारा गिअरच्या चेनला तेवढ्यावरच निरोप द्यावा. लोखंड काही ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन केसभर झिजते आणि असे केस जमून चेन लांबते.

सुताराची स्टीलची टेप नव्या चेनवर लावली. बारा इंच, चोख. चेन निर्दोष.

आणि मग ती पिशवी आठवली. जुनी चेन पेपरवर सरळ ताणली, टेप लावली. चोविसावी पिन बारा इंच ओलांडून पुरती अष्टमांश इंच पुढे! म्हणजे टक्काभर झीज, मर्यादेच्या दुप्पट. ही चेन बदलायला कधीच उशीर झालेला होता आणि तोवर तिनं कॅसेटचे दाते आपल्या मापाचे करून ठेवले होते. गाणारा आणि पेटीवाला वर्षानुवर्षं बरोबरीनं उतरत गेले तर मैफल बिनबोभाट पार पडते. पेटी तेवढी नवी, सुरात लावलेली आणली, की बुवा कुठे आहेत ते श्रोत्यांना कळतं. तसा हा कट्ट. जुनी चेन असती तर कॅसेट आणखी काही महिने निमूट चालली असती. दुकानानं चेन बदलली ते योग्यच, पण तेव्हाच पट्टी लावून 'काका, कॅसेटही गेलीय' एवढं म्हटलं असतं तर माझा गुडघा आणि हास्यक्लब दोघेही वाचले असते.

बायकोला मी जुनी चेन आणि टेप दाखवून हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबा ते प्लग ठेवायचे ते बरोबर होतं तर." हे मात्र मला मान्य करता येईना.

आता कॅसेटकडे बघितल्यावर सगळं उघडच होतं. मोठ्या चकत्या कोऱ्या करकरीत. छोट्या चकत्यांचे दाते एका अंगाला कललेले, टोकं अणकुचीदार, दोन दात्यांमधली खोबण लांबट झालेली. हा ई-बाइकवाल्यांचा जातिविशेष आहे. साध्या सायकलवर चढ आला की पाय बोंब मारतात आणि माणूस हलका गिअर टाकतो. इथे पायांना काही कळतच नाही. अंगठ्यानं मोटरचा जोर वाढवायचा आणि त्याच छोट्या चकतीवर रेटायचं. चकतीवर दाते कमी, म्हणजे सव्वाशे किलोची वाटणीही कमी दात्यांत. त्यात काही वीर मोटर पूर्ण जोरात असतानाच गिअरचा खटका दाबतात. क्षणभर पेडल हलकं सोडून मग खटका दाबला तर चेन मुकाट्यानं सरकते. नाहीतर जो कडकडाट होतो, तो ऐकून मला दुसऱ्याच्या गाडीचीसुद्धा दया येते.

बारा गिअर मोटरवाल्या बाइकला लागतात तरी कशाला, हे मला आजतागायत समजलेलं नाही. स्रॅमनं २०१६ मध्ये खास ई-बाइकसाठी आठच गिअरचा ईएक्स-१ काढला होता, जाड चेन आणि ११ ते ४८ दात्यांची कॅसेट. शहाणपणाची वस्तू. पण शेजाऱ्याचे बारा असताना आपले आठ, हे कुठल्या गिऱ्हाइकाला सोसणार? आता शिमानोनं लिंकग्लाइड नावाच्या जाड दात्यांच्या कॅसेट काढल्या आहेत आणि तिप्पट आयुष्याचा दावा केलाय. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज तर गिअरच्याच विरुद्ध होते. गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी, असं त्यांचं मत होतं आणि त्यांच्या शर्यतीत डिरेल्युर आलं ते थेट १९३७ मध्ये. मी पंचेचाळिशी ओलांडून बराच पुढे आलोय, तेव्हा गिअर आणि मोटर दोन्हींवर माझा हक्क बिनतोड आहे.

कॅसेट मी स्वतः बदलली. पहिली गोष्ट, बॅटरी काढून कपाटात. चेनमध्ये बोटं असताना कुणी पेडलवर पाय टेकला तर मोटर मदतीला धावून येते, आणि आमच्याकडे भाचरं येऊन-जाऊन असतात. मग चाक काढलं, चेन-व्हिपनं, म्हणजे चेनचा तुकडा जोडलेल्या लोखंडी दांडक्यानं, चकत्या अडवल्या आणि त्यांना आवळून धरणाऱ्या लॉकरिंगवर पाना लावला. तो ढिम्म हलेना. साडूला बोलावलं. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी, दोघांमध्ये चाक. 'कर्रऽऽ' झालं आणि लॉकरिंगनं शरणागती पत्करली. तरी चकत्या निघेनात. मोटरच्या जोरानं त्या आतल्या ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये रुतून बसल्या होत्या आणि त्याच्या कंगोऱ्यांवर एकेक खाच पाडून ठेवली होती. कानशीनं त्या घासल्या, नवी कॅसेट सरकवली, लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळला. टॉर्क पाना 'टिक' म्हणाला तेव्हा साडूनं टाळ्या वाजवल्या.

पुढचं चेनव्हील तपासलं. पोलादी होतं, दाते शाबूत, नवी चेन त्यावर घट्ट बसत होती, म्हणून हात लावला नाही. ते काढायला मोटरच्या जातीप्रमाणे वेगळा पाना लागतो, आणि बॉशच्या जुन्या छोट्या चेनव्हीलवाल्या मोटरींवर तर तिथले आटेच उलटे. डिरेल्युरमध्ये दोन छोटी दातेरी चाकं असतात, त्यांच्या मात्र निव्वळ टाचण्या झाल्या होत्या. ती बदलली. चेनची जोडकडी बसवली, बॅटरी अजून कपाटातच, मागचा ब्रेक दाबून पेडलवर उभा राहिलो. टक्. बसली.

त्याच चढावर, त्याच टर्बोवर, त्याच चवथ्या चकतीवर सगळा जोर लावून बघितलं. काही नाही. समोरचे काका रविवारी भेटले तेव्हा मी चेनचा विषय स्वतःहून काढला. त्यांनी घाईघाईनं पाऊसपाण्याचा काढला.

जुना माल भंगारवाल्याला दिला. बायकोची अटच तशी होती, "डब्यात काही जाणार नाही." त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं आणि कॅसेटवरून फिरवलं. सगळ्यांत मोठी चकती सोडून बाकी सगळीकडे ते चिकटलं. "एवढं ॲल्युमिनियम, बाकी लोखंड," त्यानं जाहीर केलं. कुठलं ॲप नाही, की हातमोजे नाहीत. मग जुनी चेन उचलून त्यानं दोन बोटांत हलवून बघितली आणि माझ्याकडे जरा नाराजीनंच पाहिलं.

"चांगली होती की साहेब. एक कडी काढली असती तर चालली असती."