पद्मिनीचे समुद्रोल्लंघन

माझगावहून मोटारीने अलिबागला जायचे तर पनवेल, पेण, वडखळ असा शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो, आणि वडखळला रहदारी तुंबली तर तो वळसा किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ राहत नाही. 2020च्या मार्चपासून मात्र भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुटते. बोटीच्या पोटात गाडी घालायची, आपण वरच्या मजल्यावर जाऊन चहा प्यायचा, तासाभरात पलीकडचा किनारा.

या सोयीचा लाभ घेणाऱ्या गाड्या बहुधा काळ्या काचांच्या आणि दोन-दोन टनांच्या असतात. ताडवाडीतल्या एका काकांनी आपल्या क्रीम रंगाच्या प्रीमियर पद्मिनीसाठी तिकीट काढले, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. एकात काका होते. दुसऱ्यात उरलेले घर.

पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, “मामा, बोटीत बंद पडली तर?”

“बोटीत ती बंदच ठेवायची असते,” मामा म्हणाले. उत्तर बिनतोड होते.

निघण्यापूर्वी माथारपाखाडीत एक थांबा होता, कारण काकांचे गोदीतले जुने मित्र बरोबर यायचे होते. त्यांना सगळे अंकल म्हणतात. माझगाव डॉकमध्ये जन्मभर फिटर म्हणून काम केल्यामुळे जगात दुरुस्त न होणारी वस्तू असते, यावर त्यांचा विश्वास नाही. माथारपाखाडी ही ईस्ट इंडियन लोकांची जुनी वस्ती. लोकमान्यांचे सहकारी आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा इथलेच. लाकडी जिने आणि सज्जे थेट गल्लीवर आलेले, त्यामुळे आजची ऐसपैस गाडी इथे शिरली की आरसे मिटून, श्वास रोखून चालवावी लागते. पद्मिनीची रुंदी दीड मीटरच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत. ती गल्लीत शिरली, अंकलना घेतले आणि एका कुंडीलाही धक्का न लावता बाहेर पडली. भाचा काही बोलला नाही, पण त्याने मागे वळून कुंडी पाहिली.

आत बसण्याची व्यवस्था हा या गाडीचा खरा चमत्कार. गियरचा दांडा जमिनीतून वर येत नाही, स्टिअरिंगच्या मानेला चिकटलेला असतो. त्याला हँडगियर म्हणतात. त्यामुळे पुढे अखंड बाकडे मिळते आणि काका, काकू व त्यांच्यामध्ये करंज्यांचा डबा असे तिघे आरामात बसतात. मागे आजी, अंकल आणि भाचा. दाराच्या काचेपुढे एक छोटी तिकोनी काच असते. ती बाहेर वळवली की सगळा वारा थेट चालकाच्या छातीवर येतो. एसी नसल्याचे दुःख तेवढ्यापुरते कमी होते, सिग्नलला पुन्हा वाढते.

या गाडीचे कुळ माझगावकराला परके नाही. मोटारी जुळवण्याचा उद्योग इथून जवळच, शिवडीला, जनरल मोटर्सने 1928 साली सुरू केला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ आणि मग इटालियन फियाट बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकातली, फुगीर नाकाची आणि पुढची दारे उलटी उघडणारी, ती डुक्कर फियाट. चौसष्ट साली आली फियाट 1100 डिलाइट. हीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी. बारसे झाले तरी लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. इंजिन 1089 सीसीचे, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. एवढ्या बळावर तिने मुंबईतली लग्ने, बाळंतपणे आणि गणपती वाहून नेले. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि गाडी दारात आली की आधी हार घालायचा, मग दार नीट लागते का ते बघायचे, अशी तेव्हाची रीत होती.

पूर्व जर्मनीत लोक ट्राबांटसाठी अशीच वाट पाहत. फ्रेंच सित्रोएनने आपल्या टू-सीव्हीसाठी अटच घातली होती, की नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी न फुटता गेली पाहिजेत. पी. डिमेलो रोडवरून जाताना काकूंच्या मांडीवरच्या करंज्यांनीही ही परीक्षा दिली. दोन नापास झाल्या.

भाऊच्या धक्क्यावर पोचेपर्यंत ऊन चढले. बोटीसाठी लागलेल्या रांगेत इंजिन चालू ठेवून गाडी दहा-दहा फूट पुढे घ्यावी लागत होती आणि हेच पद्मिनीला मानवत नाही. बॉनेटखाली ऊब साचली की पंपात पोचेपर्यंत पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ओढता येत नाही आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. गाडी बरोबर उतरणीच्या फळीसमोर थांबली. मागच्या गाड्यांनी आपापल्या हॉर्नची ओळख करून दिली.

“पंचा द्या,” अंकल म्हणाले. “ओला करून.”

आजींनी पिशवीतून पंचा काढला. तो काकांचा सोवळ्यातला होता, पण वेळ कुठली, यावर चर्चा झाली नाही. पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि पाच मिनिटे थांबायचे, एवढाच इलाज. पण बोट पाच मिनिटे थांबणार नव्हती. तेव्हा बोटीवरची चार पोरे आली आणि त्यांनी पद्मिनी सरळ ढकलत आत नेली. नऊशे किलोच्या आतली गाडी; न्यूट्रलमध्ये टाकली की निमूट जाते. मागची ऑटोमॅटिक गाडी अशी अडली असती तर क्रेन बोलवावी लागली असती, हे काकांनी भाच्याला दोनदा सांगितले. मूळ इटालियन गाडी ग्रीसमध्ये बांधलेल्या बोटीत, मराठी पंचा बांधून उभी राहिली.

वरच्या मजल्यावर बटाटेवडे आणि समुद्र होता, पण गर्दी खालीच होती. महागड्या गाड्यांचे मालक पद्मिनीभोवती जमले. प्रत्येकाच्या वडलांकडे, नाहीतर सासऱ्यांकडे, एक फियाट निघालीच. एकाने तर बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले. काकांना वाटले, गरम लागले. पंचविशीतल्या एका तरुणाने विचारले, “टॅक्सी होती का?” आणि काकांचा चेहरा पडला. प्रश्न रास्त होता. नव्वदीच्या दशकात शहरात साठ हजारांच्या आसपास टॅक्स्या होत्या, त्यातल्या बहुतेक पद्मिनीच. ताडदेव आरटीओत शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंद 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली, आणि टॅक्सीला वीस वर्षांचेच आयुष्य असल्यामुळे 2023च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. खासगी गाडीला तशी सक्ती नाही. तपासणी, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करत राहायचे. काकांच्या मते यातच सगळा न्याय आला. टॅक्सी झालेल्या पद्मिनींवर झाला तो अन्याय.

मग देशी गाडीचा विषय निघाला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवली होती, नमुने रस्त्यावर धावलेही, पण कारखाना उभा राहिला नाही. अंकल म्हणाले, “तिचे पार्ट कुठे मिळतात?” आठवणीत रमणे हा त्यांचा प्रांतच नाही.

मांडव्याला पद्मिनी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. चोक ओढला, चावी फिरवली, झाले. शेजारची नवी गाडी मात्र पडद्यावर पिवळा दिवा दाखवत बसली होती आणि तिचा मालक सर्व्हिस सेंटरला फोन लावत होता. अंकलनी तिचे बॉनेट उघडून पाहिले. आत एक मोठे काळे झाकण होते. ते त्यांनी दुःखाने पुन्हा बंद केले.

चोंढी, किहीमचा फाटा, थळ असे करत अलिबाग आले. पंचा सुकला होता, म्हणून नाक्यावरच्या गॅरेजात थांबले. मेकॅनिक साठीचा. त्याने गाडी न बघता आवाजावरूनच सांगितले, की पॉइंटमध्ये कचरा आहे. पॉलिश पेपरचा तुकडा, एक पाना, दहा मिनिटे. पैसे घेईना. उलट गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, “साहेब, पुढचा बंपर ओरिजिनल दिसतोय. द्यायचाय का?”

“अहो, काहीतरीच काय!” काका म्हणाले.

“किती देणार?” काकूंनी विचारले.

मेकॅनिकने आकडा सांगितला. काकूंनी त्याच्या दुप्पट सांगितला. आजी म्हणाल्या, मागचाही विचारा. काका घाईघाईने आत बसले, गाडी सुरू केली आणि हँडगियर खाली ओढला. तो नेमका तेव्हाच अडकला, त्यामुळे सौदा आणखी बराच वेळ चालला.